मामंजींचा ट्रान्झिस्टर आणि आमचे कान

मामंजींना ऐकू कमी येतं हा शोध घरात पहिल्यांदा मी लावला, हे आधीच कबूल करून टाकते.

आमचं घर झाशीच्या नगरा मोहल्ल्यात. सासरची मंडळी पिढ्यान् पिढ्या झाशीची, मी साताऱ्याहून आलेली सून. मोठी माणसं मराठी बोलत, मुलांच्या तोंडी मात्र हिंदीच. त्यावर मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एक उपाय काढला होता. दुपारी शॉर्टवेव्हवर मराठी बातम्या लागत. ओसरीवर ट्रान्झिस्टर मांडीशी घेऊन ते त्या झरझर उतरवून घेत आणि संध्याकाळी आमच्या नि आसपासच्या मराठी घरांतल्या मुलांना त्याच बातम्यांचं शुद्धलेखन घालत. मुलं कुरकुरत, पण येत.

एका उन्हाळ्यात ट्रान्झिस्टर पडला. वाजत होता, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. पण तेव्हापासून ओसरीवरून एकाएकी असा काही आवाज फुटायचा की माझ्या हातातली पोळी तव्यावर वेडीवाकडी पडायची. दाराशी जाऊन पाहावं तर आवाजाचं बटण पार टोकाला. चार दिवस पाहिलं आणि यजमानांना सांगितलं, मामंजींचे कान गेले.

मग काय, सगळे त्यांच्याशी ओरडून बोलू लागलो. चहा घेणार का, हेसुद्धा ओरडून. त्यांच्याविषयी बोलायचं ते मात्र त्यांच्या पाठीमागे बसून, बिनधास्त. त्यांना कायमचं ग्वाल्हेरला थोरल्या दिरांकडे पाठवावं, तिथे डॉक्टर बरे आहेत, इथे आता शुद्धलेखन तरी काय घालणार, असं ठरलंही. त्यांना सांगितलं तेव्हा ते नुसतं "बरं" म्हणाले आणि त्याच दिवशी वर्ग बंद केला. मला हायसं वाटलं होतं. आज त्याची लाज वाटते.

ते जायच्या आदल्या दिवशी मोडकी एरियल बदलून घ्यावी म्हणून मी ट्रान्झिस्टर बाजारात, मानिक चौकात नेला. म्हाताऱ्या सासऱ्यांचा सेट आहे, असं सांगितलं आणि दुकानदाराने तो समोरच सुरू केला. एक स्टेशन लागलं आणि बोलणाऱ्याचा आवाज बोलता बोलता पार बुडाला. मी कान जवळ नेला, त्याने बटण वाढवलं, तोच आवाज असा परत आला की दोघंही दचकून मागे सरलो. शॉर्टवेव्ह अशी खालीवर होतेच, त्याने समजावलं. पण सेटच्या आत तिला सावरून धरायची सोय असते, आवाज क्षीण आला की आपोआप उचलायची, जोरात आला की दाबायची. पडल्यामुळे तिथलीच एक तार सुटली होती.

"दादाजी बेचारे ये काम हाथ से कर रहे थे, बहनजी," तो म्हणाला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बुडालेला आवाज फक्त मामंजींच्या वाट्याला यायचा. स्वयंपाकघरात पोचायचा तो फुटलेला तेवढाच, आणि त्यावरून मी निकाल देऊन मोकळी झाले होते.

घरी आले तर ते ओसरीवर पाठमोरे बसून ट्रंकेत कपडे भरत होते. मी दारातूनच, अगदी हळू म्हटलं, "मामंजी, तुमचे कान ठीक आहेत."

"ठाऊक आहे मला," ते न वळता म्हणाले.

म्हणजे ग्वाल्हेरचं बोलणं, वर्गाचं बोलणं, सगळं त्यांनी शब्दन् शब्द ऐकलं होतं. मग बोलला का नाहीत, असं कसंबसं विचारलं.

ते वळले. "दिवसभर ओरडत होतात माझ्यावर. मला वाटलं, कंटाळलात तुम्ही मला."

मी तिथेच बसून रडले. मग डोळे पुसले आणि काही न विचारता ट्रंकेतले कपडे बाहेर काढायला लागले. माझ्या हातातला सदरा त्यांनी घेतला, आत गेले आणि स्वतःच्या हाताने खुंटीला अडकवला.