म्हशीच्या आडून

भांडण भावांचं होतं, अबोला मात्र जावांनी धरला. वाटणीच्या वेळी बांधावरून सरूबाईचे हौसराव आणि अंजनाचे सोपानराव एकमेकांच्या अंगावर धावून गेले. पुढच्या दिवाळीला शेजारी बसून जेवलेही. जावा मात्र बोलल्या नाहीत. पुढं दोघं भाऊ गेले, वडगाव रासाईतल्या त्या दोन्ही घरांत एकेक बाई उरली, तरी नाही.

बोलत नसल्या तरी त्यांचं अडत नव्हतं, ते चंद्रीमुळं. चंद्री सरूबाईची म्हैस. गोठा मात्र सामाईक. काही सांगायचं असलं की अंजना म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, "चंद्रे, आज मोटरीची लाईट रातची हाय म्हणं."

पडवीतून सरूबाई म्हशीलाच उत्तर द्यायची, "ऐकलंय बाई. कान शाबूत हायेत आमचे."

उन्हाळ्यात सरूबाई मोरीत घसरली. खुब्याचं ऑपरेशन झालं, ती खाटेला खिळली. मुलगा रविराज रांजणगावला कंपनीत; आठवड्याला एक सुट्टी. मग अंजना धार काढायला म्हणून यायची आणि धार झाली की पडवीत शिरायची. अंघोळ, वेणी, पायाला तेल.

"चंद्रे, पाय जरा लांब कर."

सरूबाई निमूट पाय लांब करायची.

तेल चोळताना अंजनाला जुने दिवस आठवत. नवी नवरी होती तेव्हा ती म्हशीला भ्यायची. सरूबाईनं मागं बसून, तिच्या हातांवर आपले हात ठेवून तिला धार काढायला शिकवलं. पहिली धार उडाली ती दोघींच्या लुगड्यांवर. हसून हसून दोघी शेणात बसल्या. सासूबाई आतून ओरडल्या, "दूध काढताय का अंघोळ करताय गं?"

एका रविवारी रविराज म्हणाला, "काकी, म्हैस विकली. उद्या पिकअप येईल. तुम्हाला तरी किती राबवायचं?"

"बरं केलंस," अंजना म्हणाली खरी. पण धारच नाही तर त्या पडवीत कुठल्या निमित्तानं जायचं? आपण होऊन गेलं आणि सरूआक्कांनी तोंड फिरवलं तर? आणि न जावं, तर त्यांना उठवून बसवणार कोण?

पिकअप आली, चंद्रीला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजनानं पाणी तापवलं. बादली घेऊन ती गोठ्यापर्यंत आली आणि तिथंच थबकली. रिकाम्या दावणीकडं बघत म्हणाली, "पाणी तापलंय."

"कुणाला सांगतीस?" पडवीतून आवाज आला.

अंजनानं बादली या हातातून त्या हातात घेतली. बादलीची कडी बोटांत रुतत होती.

"त्या खुंट्याला का?"

"तुमाला."

"मग आक्का म्हणाया जीभ झिजती व्हय?"

"तुमी तरी कवा हाक मारली?"

"आता मारती. अंजे, ये. पाणी निवतंय तिकडं."

अंजना पडवीत गेली. त्या दिवशी अंघोळीला फार वेळ लागला. वाटणीत पाटा कुणी उचलला, इथपासून सरूबाईनं सुरुवात केली. अंजनानंही काही राखून ठेवलं नाही. पाणी दोनदा तापवावं लागलं.