रडका चेहरा कोणी दाबला?

मी नर्स आहे. वॉर्डातून कितीतरी माणसं जाताना पाहिली, मागे फिरून आलेलं एकही नाही. त्यामुळे भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी सरळ चहा टाकायला उठते. तरी हे लिहितेय... कारण घरात सांगावं असं आता कोणी उरलं नाही.

आमचं गाव दिंद्रुडजवळ. माझी नोकरी तालुक्याच्या दवाखान्यात, बरे न होणाऱ्या पेशंटच्या वॉर्डात. तिथे फक्त दुखणं कमी करायचं. त्या दुष्काळाच्या साली प्रत्येक पलंगाला टॅब लागला. पेशंटने हसरा, गप्प किंवा रडका चेहरा दाबायचा. रडका दाबला की माझा मोबाईल वाजणार, आणि रेकॉर्ड बघून डॉक्टर मॉर्फिन ठरवणार. मला ही सोय फार आवडली होती. आमच्याकडची माणसं मरणाच्या दारातही डॉक्टरला ‘बरं हाय’ म्हणतात, निदान बोटाने तरी खरं सांगतील असं वाटलं.

मग त्याच वॉर्डात माझे आप्पा आले. अन्ननलिकेचा कॅन्सर. दात आवळून पडलेले असायचे, पण दाबायचे हसरा चेहरा. रेकॉर्ड छान दिसतंय म्हणून डॉक्टरांनी डोस कमी केला.

एका दुपारी मोबाईल वाजला — आप्पांच्या पलंगावरून रडका चेहरा. धावत गेले, तर आप्पांचे दोन्ही हात चादरीखाली, टॅब पायाशी, जवळ कोणी नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. टॅब पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाने तो बदलला, तर नव्यावरूनही मोबाईल वाजला. मी आप्पांना विचारलं, तुम्ही दाबलं का?

"म्या न्हाई, बाई. तुजी आई दाबती. तिला माजं खोटं कवाच चाललं न्हाई."

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण कसलं खोटं, हे मी खोदून विचारलं, तेव्हा आप्पा रडले. माझ्या थोरल्या भावाने, दत्तादादाने त्यांना शिकवलं होतं — हसरं तोंड दाबत जा, बरे झाले म्हणून डॉक्टर सोडतील, मग मी घरी नेतो. आप्पांना अंगणातल्या कडुलिंबाखाली डोळे मिटायचे होते.

डोस वाढवून घेतला आणि दादाला फोन केला, आप्पांना घरी ने म्हणून.

"घरी पाणी हाय का? टँकरचा भरवसा न्हाई. ऱ्हाऊ दे तितंच."

"मग नेतो म्हणून काहून सांगितलंस?"

"गप ऱ्हावं म्हणून."

कुंपणानेच शेत खाल्लं होतं. मी स्वतः ॲम्ब्युलन्स ठरवली, पण ती यायच्या आधीच आप्पा गेले. शेवटी दुखलं नाही, एवढंच.

तेराव्याला गावी गेले तर दारात टँकर उभा. दादा दूध संस्थेचा संचालक, निवडणूक तोंडावर, सगळे सभासद जेवायला. त्याच कडुलिंबाखाली पंगती बसल्या होत्या आणि पाण्याचे तांबे फिरत होते. मी ताटावर बसले, आणि मोबाईल वाजला. आप्पांचा पलंग, रडका चेहरा. वॉर्डात फोन लावला... पलंग रिकामा होता, टॅब बंद करून कपाटात ठेवलेला.

मी ताटावरून उठले, ती त्या घरात परत गेले नाही. बंद टॅबवरून मोबाईल कसा वाजला, हे कंपनीला सांगता आलं नाही, मलाही येत नाही. आणि दादाच्या गळ्याखाली त्या दिवशी घास कसा उतरला, तेही नाही.