तिला आत मी पाठवलं होतं

आमच्या नातेवाइकांत एक किस्सा गेली काही वर्षं सांगितला जातो. माझ्या मुलीची परदेशात शिकायला जाण्याची परीक्षा घरीच कॉम्प्युटरवर चालू होती, तिची आई दिवा लावायला त्या खोलीत गेली, आणि परीक्षा जागच्या जागी रद्द झाली. साखरपुड्यात, बारशात, जेवणं उरकल्यावर कोणीतरी तो काढतो आणि सगळे हसतात. मीही सांगितला आहे, एकदा तर पत्नी शेजारी बसलेली असताना. ती आता नाही. किस्सा खोटा नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा सांगायचं काम मी टाळत आलो. आता वयामुळे फार वेळ बसवत नाही, लिहिताना हात दुखतो, तेव्हा सरळच लिहितो.

आम्ही रोडपालीला राहतो. हॉल, स्वयंपाकघर आणि एक बेडरूम. मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका वाहतूकदाराच्या ऑफिसात नोकरी केली. तिथला इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे होता, त्यामुळे घरातलं इंग्रजीही माझ्याकडेच आलं. बँकेचे कागद, औषधाच्या बाटलीवरचा मजकूर, सोसायटीच्या नोटिसा, सगळं मी वाचायचं आणि पत्नीला मराठीत सांगायचं. ती मराठी शाळेत शिकलेली. मी सांगितलेला अर्थ तिनं कधी दुसऱ्या कोणाकडून तपासून घेतला नाही.

मुलगी इंजिनिअर झाली आणि खारघरच्या एका कॉलेजात नोकरीला लागली. तिला मास्टर्स करायला बाहेर जायचं होतं. त्यासाठी जीआरई नावाची परीक्षा द्यावी लागते. टाळेबंदी आली, कॉलेज घरातून सुरू झालं, आणि तिनं अभ्यास काढला. आपलं घर एका परीक्षेनं किती बदलतं ते मी तेव्हा पाहिलं. फ्रिजवर, बेसिनच्या आरशावर, कपाटाच्या दारावर इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठ्या. आंघोळीला जाताना शब्द, पाणी प्यायला उठलं तरी शब्द. सकाळी चहाच्या वेळी मी शब्द विचारायचे आणि तिनं अर्थ सांगायचा, असं ठरलं होतं. माझे उच्चार ऐकून ती कपाळावर हात मारायची. पत्नी पोळ्या लाटता लाटता ऐकत असायची.

"गॅरुलस म्हणजे?" मी विचारलं.

"खूप बडबडा. उगीचच बोलणारा."

"म्हणजे आपले शेजारचे," पत्नी आतून म्हणाली.

"आई, बरोबर. तू पण बस परीक्षेला."

"मी बसले तर पोळ्या कोण करणार? तुझे बाबा? ते पोळीला पत्र लिहितील."

असं चालायचं. पुढे पुढे ते कमी झालं. महिनोन्‌महिने रोज तेच करणं फार थकवणारं असतं, आणि ते तिघांनाही थकवत होतं. रविवारी ती सराव परीक्षा द्यायची, जवळजवळ चार तासांची. तेवढा वेळ टीव्ही बंद, मिक्सर बंद. कुकरची शिट्टी नको म्हणून पत्नी भात उघड्या पातेल्यात शिजवायची. आमच्या खिडकीखाली मासे घेऊन येणारी बाई मोठ्यानं ओरडायची. पत्नी एका रविवारी खाली जाऊन तिच्याशी बोलून आली. "पोरीची परीक्षा हाय? मंग नाय वरडत," ती म्हणाली. "पन तुमी येलेवर खाली या, नायतर कोलंबी संपंल, मंग मना बोलू नका." त्यानंतर रविवारी पत्नी आधीच खाली जाऊन उभी राहायची. गुडघे दुखत असून जिना उतरायची. आमच्याकडे लिफ्ट नाही.

हे सगळं तिनं केलं, हे किस्सा सांगताना कोणी सांगत नाही.

मी काय केलं, तर शिकवायला गेलो. परीक्षेत निबंधासारखं काहीतरी लिहायचं असतं. मी तिला ऑफिसच्या पत्रासारखी सुरुवात सुचवली. 'आपल्या संदर्भांकित पत्रास अनुसरून' याचं जे इंग्रजी असतं, ते. तिनं आधी हसण्यावारी नेलं. मग गणितात मी तिला तोंडी आकडेमोडीच्या युक्त्या दाखवायला लागलो. ती म्हणाली, स्क्रीनवर कॅल्क्युलेटर असतो. मी म्हटलं, असला म्हणून काय झालं. हे चार-पाच वेळा झालं असेल. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती अगदी दमून, हळू आवाजात म्हणाली, "बाबा, प्लीज तुम्ही आता शिकवू नका. मला शब्दपण नका विचारू. मी माझं करते."

ती वाईट बोलली नव्हती. मला ते लागलं. ज्या कामासाठी या घरात मला विचारलं जायचं, ते माझ्याकडून काढून घेतलं, असं वाटलं. मी पत्नीला बोलून दाखवलं नाही. आठवडाभर गप्प राहिलो, आणि घरात मी गप्प आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही. तेही लागलं.

परीक्षा केंद्रं तेव्हा बंद होती. घरी बसून परीक्षा देण्याची सोय होती, तिनं ती घेतली. दुपारी उशिराची वेळ मिळाली. नियम तिनं जेवताना मोठ्यानं वाचून दाखवले आणि मग मी ते स्वतः वाचून पत्नीला मराठीत सांगितले. खोलीत एकटीनंच बसायचं. कॅमेरा चालू राहणार, लांब कुठेतरी बसलेला पर्यवेक्षक बघत राहणार. दुसरी व्यक्ती खोलीत आली तर परीक्षा तिथेच थांबवणार. हे शेवटचं मी पत्नीला सांगितलं, पण कसं, तर "आत बडबड करायची नाही" एवढंच. पूर्ण वाक्य सांगायचा कंटाळा केला.

खोली म्हणजे बेडरूम. दार असलेली दुसरी खोलीच नव्हती. आणि त्या दाराला आतून कडी नव्हती. माझी आई म्हातारपणी एकदा आत अडकली होती, तेव्हा ती काढून टाकलेली. देव्हाराही त्याच खोलीत, मुलीच्या टेबलामागच्या भिंतीला. परीक्षेआधी खोली कॅमेऱ्यातून फिरवून दाखवायची होती. मुलीनं देव्हाऱ्याचा पडदा बाजूला केला.

"हेही दाखवायचं?" पत्नीनं विचारलं.

"त्यांनी सांगितलं तर दाखवावं लागतं, आई. आत काही लपवलेलं नाही ना, म्हणून."

"त्यांना सांग, आतले कोणाला उत्तरं सांगत नाहीत. मी किती वर्षं विचारतेय."

मुलगी हसली. दार लावण्याआधी तिनं आईचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "आई, आज दिवा राहू दे. आत नको येऊस. काही झालं तरी." पत्नी म्हणाली, "बरं." तिला ते जड गेलं. सासूच्या आजारपणातही तिनं दिवा चुकवला नव्हता. पण म्हणाली, बरं.

मग आम्ही दोघं हॉलमध्ये बसून राहिलो. पंखासुद्धा हळू ठेवला होता. दुपारी मला आडवं व्हायची सवय. माझा पलंग आत. खुर्चीत पाठ अवघडली. वर्तमानपत्र उलटताना आवाज झाला तर पत्नी बोट ओठांवर ठेवायची. तासामागून तास गेले. बाहेर लोखंडाच्या गाड्या जात होत्या, त्यांच्यावर कोणाची सत्ता नव्हती. मीच तेवढा माझ्या घरात चोरासारखा बसलो होतो.

अंधार पडायला लागला तसा पत्नीनं हातपाय धुतले. सवयीनं धुतले असणार. मग ती मोरीच्या दारात उभी राहिली.

"अहो," ती कुजबुजली, "दिव्याची वेळ झाली. ती म्हणाली नको म्हणून."

मी वर्तमानपत्राची घडी घातली.

"बोलणार नाही मी आत. तिच्या मागनंच जाईन. चालेल का हो? तुम्ही वाचलेत ना नियम."

इथे मी थांबून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. मला नियम माहीत होता. विसरलो नव्हतो. गैरसमज झाला नव्हता. मी म्हणालो, "जा. मी वाचलेत ना नियम. ती घाबरून सांगते काहीतरी. घरातल्या माणसाला कोण अडवतंय? दोन मिनिटांचं काम आहे."

ती तरी घुटमळली. मी म्हणालो, "जा म्हणतो ना."

मुलीचं नुकसान व्हावं असं मला वाटत होतं का? हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याचदा विचारला आहे. मला वाटतं, मला एवढंच हवं होतं की या घरात माझ्या शब्दावर एखादं दार उघडावं. काही होणार नाही, असं मी त्या क्षणी मानून घेतलं. मानून घेणं मला सोपं होतं. दार उघडणार होती ती, मी नव्हे.

आतून काडी ओढल्याचा आवाज आला. मग मुलीचा, "आई!" आणि लगेच पत्नीचा, "तू लिही गं, मी चालले." मुलगी कॉम्प्युटरवरच्या त्या माणसाला इंग्रजीत समजावत होती, ते नंतर ऐकू आलं. माझी आई आहे, ती फक्त दिवा लावत होती, ती काही बोलली नाही. मला ते सगळं कळत होतं. पत्नीला कळत नव्हतं, पण आवाजावरून कळलं असावं. ती हातात काडेपेटी घेऊन हॉलमध्ये उभी होती.

मुलगी बाहेर आली. "बंद केली त्यांनी," ती म्हणाली. "शेवटचा भाग राहिला होता. आई, मी काय सांगितलं होतं तुला?"

पत्नीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी बोलेन, म्हणून वाट बघितल्यासारखं.

मी म्हणालो, "अगं जाऊ दे. तिला काय कळतंय त्यातलं."

पत्नीची नजर खाली गेली. ती म्हणाली, "हो. चुकलंच माझं."

एवढंच. आमच्यात त्या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही. त्या संध्याकाळीही नाही, नंतरही नाही. ती मला एका शब्दानं सुनावती तर मी कदाचित मुलीकडे गेलो असतो. तिनं सुनावलं नाही आणि मी त्याचा फायदा घेतला.

परीक्षा पुन्हा देता आली असती, पण त्या वर्षीच्या अर्जांची मुदत निघून गेली. "पुढच्या वर्षी बस," आई म्हणाली तर मुलगी म्हणाली, "या घरात नाही." मग तिनं पुण्याला नोकरी धरली. फोन यायचा तो माझ्या फोनवर. आईशी बोलायची, पण जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, एवढंच. पत्नी आजारी पडली तेव्हा मुलगी रजा काढून आली, सगळं केलं, रात्रंदिवस केलं. त्या दोघींमधलं मात्र तसंच राहिलं. मी बघत होतो. बोलायला तीही वेळ होती.

यंदा मुलगी पुन्हा त्या परीक्षेची तयारी करते आहे. नोकरीत कंटाळली आहे. रजा घेऊन माझ्याकडे आली आहे, कारण पुण्याच्या खोलीत दोन मैत्रिणी असतात. पहिल्याच दिवशी पुस्तकं टेबलावर मांडताना ती सहज म्हणाली, "केंद्रावर जायची गरज नाही आता. इथेच देता येईल. मध्येच आत यायला आता कोणी नाही."

तिला काही टोचून बोलायचं नव्हतं. ती नुसती खोली बघत होती. मी चहा गाळत होतो. गाळणं खाली ठेवलं आणि म्हणालो, "आईनं मला विचारलं होतं. मी जा म्हणालो. तिला नियम माहीत नव्हता, मी तिला खोटं सांगितलं."

तिला पहिल्यांदा कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं, सगळं, वर लिहिलं आहे त्या क्रमानं. 'तिला काय कळतंय' हेही.

ती खुर्चीत बसली. म्हणाली, "हॉस्पिटलमध्ये मी तिला विचारलं होतं. का गेलीस गं तेव्हा, म्हणून. ती म्हणाली, संध्याकाळ झाली होती. मी चिडून बाहेर निघून गेले."

मी चहाचा कप तिच्यापुढे ठेवला.

"तुम्ही तेव्हा कुठे होतात?"

"बाहेर. बाकावर."

"म्हणजे मी तुमच्याच शेजारी येऊन बसले."

"हो."

ती त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी स्वयंपाक करताना म्हणाली, "हे लिहून काढा. मावशीला, मामाला, सगळ्यांना पाठवायचं. तोंडी नको. तोंडी सांगताना तुम्ही सारवासारव करता."

"बरं."

"आणि मी तिच्याशी कशी वागले तेही लिहा."

"त्याचं कारण मीच ना," मी म्हणालो.

"ते तुम्ही ठरवू नका, बाबा. वागले ती मी."

म्हणून तेही लिहिलं आहे, मला जेवढं दिसलं तेवढं. हॉस्पिटलमधली गोष्ट तिच्या परवानगीनं घातली आहे. तिनं सगळं वाचलं. माझा पलंग आत होता आणि पाठ अवघडली होती, त्या ओळींवर बोट ठेवून म्हणाली, "हे कशाला? हे कारण नाही." मी म्हणालो, कारण म्हणून नाही, तसं होतं म्हणून लिहिलं. तिनं बोट उचललं. ओळी राहू दिल्या. पटलं म्हणून नव्हे, वाद घालायचं तिच्यात त्राण नव्हतं, माझ्यातही नाही.

तिनं केंद्रावर जाऊनच परीक्षा द्यायचं ठरवलं आहे. मी सोबत येऊ का विचारलं. नको म्हणाली.