येते म्हणाले आणि घरी गेले

लग्न होऊन मी शहापुरात आले तेव्हा माझं शिक्षण मराठी पाचवीपर्यंत झालं होतं. हे तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत. घर शेतकऱ्याचं, भात आणि वाल पिकवणारं. यांच्याआधी त्या घरात इंग्रजी अक्षर कोणी काढलं नव्हतं. आपण शिकलो तसं बायकोनेही शिकावं असं यांच्या मनात होतं आणि सासूबाईंची त्याला ना नव्हती. उलट संध्याकाळी दिवा लागला की त्याच हाक मारायच्या, "ये गो, मास्तर बसलाय." मी पाटी घेऊन बसायचे आणि त्या शेजारी तांदूळ निवडत ऐकत राहायच्या. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधीचा तो हिवाळा. आमचा धडा प्रवासाचा चालला होता. "आटगाव आलं, याचं इंग्रजी कर," हे म्हणाले. मी म्हटलं, "आटगाव केम." हे हसायला लागले.

"आटगाव कशाला येईल? ते जागच्या जागी आहे. आलो आपण. वुई रीच्ड आटगाव."

"पण गाडीत बसलं की आटगाव आलं, कसारा आला, असंच म्हणतो की आपण."

"इंग्रजीत गाव येत नाही. माणूस पोचतो."

तसंच गाडी चुकण्याचं. आपली गाडी चुकते. इंग्रजीत माणूस गाडी मिस करतो, म्हणजे चुकवतो. गाडीकडे काही नाही, जे काय करतो ते माणूसच करतो. हे ऐकून आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. "आनि गाडी टायमावर नाय आली तं? तवा पन मानसानंच केलं का?"

यांनी पुस्तकाचं पान उलटलं. मग यांनी प्रवासाचे शब्द काढले. लांबची ती जर्नी, जवळची ती ट्रिप, साहेब गावोगाव फिरतो ती टूर आणि समुद्रावरून बोटीने जायचं तो व्हॉयेज. आत्याबाईंचं माहेर डोळखांबच्या पलीकडे, डोंगरात.

"मंग मी माहेरा जाते ती काय?"

"ती व्हिजिट. म्हंजे भेट."

"दिसभर बैलगाडीत हाडं खिळखिळी होतात, आनि नुसती भेट?"

त्या खरोखर रुसल्या. शेवटी यांनी आईचं माहेर जर्नीत घातलं तेव्हा कुठे तांदूळ निवडणं पुढे सुरू झालं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी हे मुरबाडच्या शाळेत परीक्षा घ्यायला गेले. यांच्या परतायच्या दिवशी सकाळी मुसाफिरी बंगल्याचा शिपाई धावत आमच्या अंगणात आला. हा बंगला आग्रा रोडला लागून होता आणि येणारेजाणारे साहेब तिथे उतरत.

"मास्तर हायेत का?"

"मुरबाडला गेलेत. काय झालं?"

"आता काय करू! साहेबाची मोटार बिघडली. त्यो गेलाय रेल्वेनं कल्यानला, सामान आनाया. मडम एकली हाय बंगल्यात. ती काय मागते ते मना कळत नाय. हात असा वर ओढते, खाली नेते, परत वर ओढते. मी म्हनलं मडमला मासे धराचेत. म्हनून गळ नेऊन दिला, तं कपाळाला हात लावून बसली."

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या पदर सारखा करून उभ्याच राहिल्या होत्या. "चल गो. एवढं शिकलीस ते कवा कामाला येनार?"

 पाटीवरचं इंग्रजी वेगळं आणि मडमशी बोलायचं वेगळं. पण आत्याबाई पुढे आणि मी मागे, अशा आम्ही निघालो.

मडम व्हरांड्यात बसली होती. वयाने माझ्याहून थोडीच मोठी. आम्हाला पाहून ती उठली आणि भराभर बोलू लागली. मला एक अक्षर कळलं नाही. पण आत्याबाईंनी तिच्या पायांकडे बोट दाखवलं. मोटारीतून उतरताना अडकलेल्या झग्याची खालची दुमड उसवून लोंबत होती. तिला हवा होता सुईदोरा! शिपायाचा गळ टेबलावर तसाच पडला होता.

आता सुईदोरा आणायला घरी जायचं. उठून नुसतं चालू लागणं बरं दिसेना. निघताना आपण जे म्हणतो तेच इंग्रजीत म्हणावं, म्हणून मी धीर करून म्हटलं, "आय कम." येते, एवढाच माझा अर्थ. मडमने मान हलवली. मी घरी जाऊन सुई, दोरा आणि कात्री घेऊन आले. आत्याबाईंनी झग्याला हात लावून कापड पारखलं आणि दुमड घालायला मला सांगितलं. मी शिवत असताना मडम वाकून पाहत होती. झाल्यावर तिने माझा हात हातात घेतला आणि "थँक यू" म्हणाली. तेवढं मला समजलं.

घरी वाल सोलायचे पडले होते. मी पुन्हा तेच म्हटलं, "आय कम." मडमने हसून मान हलवली आणि आम्ही दोघी घरी आलो. मला तर आकाश ठेंगणं झालं होतं. इंग्रज बाईशी बोलून आले होते मी!

उन्हं कलली तेव्हा शिपाई परत दारात.

"मास्तरीनबाय, मडम चाय मांडून बसलीय तुमच्यासाठी. दोनदा गरम करून झाला. ती खुर्चीवरनं उठत नाय, रस्त्याकडं बघत बसलीय. तुमी येतो म्हनून सांगून आलात ना?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पहिल्या खेपेला मी येते म्हणाले आणि सुईदोरा घेऊन आले. दुसऱ्या खेपेलाही येते म्हणाले, मग तिने वाट बघायची नाही तर काय करायचं?

"आत्याबाई, इंग्रजीत येते म्हणजे खरंच येते!"

"मंग काय म्हनायचं व्हतं? जाते?" आत्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काही अभद्र बोलले. "परक्या मुलखात एकली बसलेल्या बाईला जाते म्हनायचं व्हय? बरं केलंस. आता येते म्हनलीस तं जायाला पायजे."

त्यांनी चुलीवर तवा टाकला. तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, वालाच्या उसळीत मिरची बेताची घातली आणि सगळं फडक्यात बांधलं. वाट तुडवत आम्ही पुन्हा बंगल्यावर गेलो.

मडमच्या चेहऱ्यावर असा आनंद दिसला की मला माझंच हसू आलं. तिने आत्याबाईंना खुर्ची दिली. आत्याबाई जन्मात खुर्चीवर बसल्या नव्हत्या. त्या आधी टोकावर टेकल्या, मग हळूच मागे सरकल्या आणि मग दोन्ही पाय वर घेऊन मांडी घालून बसल्या. मडमने तेही मान्य केलं.

चहा पिताना मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. "वुई गो. बट वुई से कम." तिला कळेना. मी उठून दारापर्यंत गेले, मागे वळून म्हटलं, "येते! आय कम!" आणि खरोखरच पायरी उतरून दिसेनाशी झाले. मग परत वर आले. आता मात्र तिला उमगलं आणि ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

हसणं थांबल्यावर ती हळू बोलू लागली. तिची आई, बोट आणि व्हॉयेज एवढे शब्द मी पकडले. व्हॉयेज ऐकताच मी खुर्चीत ताठ झाले. हा माझा शब्द होता!

"आत्याबाई, ही समुद्रावरून बोटीने आलीय. आई तिकडेच आहे."

"किती दिस लागतात, इचार."

मी विचारलं. मडमने बोटं मोजली आणि "वीक्स" म्हणाली. मी आत्याबाईंना सांगितलं, कितीतरी आठवडे. मग त्यांनी तिच्या बशीत दुसरी भाकरी वाढली आणि उसळ वर ओतली. "खा गो बाय," त्या म्हणाल्या. "एवढ्या लांब माहेर कुनाचं असू नाय."

मी ते इंग्रजीत सांगितलं नाही. मला येतही नव्हतं. पण मडमने भाकरी संपवली आणि बोटंसुद्धा चाटली.

आम्ही तिथेच असताना हे आले. मुरबाडहून गाडी हाकत आलेले, धुळीने पांढरे झालेले. घराला कडी पाहून शेजारी विचारलं तर कळलं, आई आणि बायको मडमेकडे चहाला गेल्यात. पायरीवर येऊन पाहतात तो आई खुर्चीत मांडी घालून बशीतला चहा फुंकतेय. यांनी टोपी काढली, परत घातली आणि फार अवघड इंग्रजीत काहीतरी बोलले. मडम त्यांच्याशी बोलली, पण मध्येमध्ये माझ्याकडे बोट करत होती. काय म्हणते, ते यांनी मला सांगितलं नाही.

घरी परतताना मात्र वाटेत म्हणाले, "सगळं सांग. पहिल्यापासून." रोज हे सांगत आणि मी ऐकत असे. त्या संध्याकाळी मी सांगत गेले आणि हे ऐकत राहिले. आत्याबाई मधूनमधून न घडलेलंही घालत होत्या.

साहेब त्या रात्रीच्या गाडीने परत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार दुरुस्त झाली, पण सुरू होईना. शिपाई, दोन गाडीवान, साहेब आणि आमचे मास्तर अशांनी मिळून ती उतारापर्यंत ढकलली. मग धडधड करत ती निघाली आणि मडम खिडकीतून हात हलवत धुळीत दिसेनाशी झाली. यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. घासायला वेळ नव्हता, तसेच शाळेत गेले. मुलांनी हात कशाने काळे झाले म्हणून विचारलं, तेव्हा धडा बाजूला ठेवून यांनी सगळी हकीकत सांगितली. शेजारचा मुलगा यांच्याच वर्गात होता. त्याच्याकडून माझ्या कानावर आलं, की मडमशी बोलणारी ती बाई म्हणजे आपली बायको, हे मास्तरांनी वर्गात तीन वेळा सांगितलं.