पेंढ्याखालचा लव्हाळा

लग्नाच्या सातव्या वर्षी माझ्या पत्नीच्या हृदयाची झडप अरुंद झाल्याचं कळलं. कर्जतच्या डॉक्टरांनी ओणव्याने करायची कामं बंद सांगितली. तिने मान हलवली, आणि घरी आल्यावर खुरपं शोधू लागली. घरामागच्या लहानशा तुकड्यात ती पावसाळ्यात मिरची, भेंडी, हळद लावी. तुकडा लव्हाळ्याने भरलेला. वरून उपटला तरी मातीतल्या गाठीपासून चार दिवसांत पुन्हा उगवणारं ते तण.

"यंदा पडीक ठेवू," मी म्हणालो.

"आणि मी काय करू? तुमची पुस्तकं झटकत बसू?"

मी शाळामास्तर. शेतीतलं फारसं कळत नव्हतं, वाचता येत होतं. तणनाशकाची बाटली तेव्हा आमच्याकडे कोणी पाहिली नव्हती. शाळेत आलेल्या एका पुस्तिकेत होतं, की जमिनीवर पेंढ्याचा जाड थर अंथरला तर तणाला उजेड मिळत नाही आणि ते खालीच खंगतं. मग रोपं थरात जागा करून लावायची. बेणणी, म्हणजे तण काढणं, जवळजवळ उरत नाही. मळणी झाल्यावर मी वीतभर पेंढा पसरला, वर ऐनाचा वाळका पाला. शेजारचे थोरले चुलतभाऊ, आमचे दादा, कुंपणाशी येऊन उभे राहिले.

"काय रं मास्तर, आतापासनंच राब? आन् तोबी पेंढ्याचा? बैलांनी काय तुझी पुस्तकं खायची?"

"तण मरेल, दादा."

"लव्हाळा? तो आपल्या आज्याच्या आधीपासनं हितं हाय. सातबारा त्याच्याच नावावर असंल बघ."

मी हसलो. ते राब म्हणाले, ते मी दुरुस्त केलं नाही.

मोरीचं पाणी तिकडे जाई, म्हणून थराखाली ओल राहायची. माघात मी टोक उचलून पाहिलं. कोंब मेले नव्हते, पण पांढरे, दोऱ्यासारखे झाले होते. तीही वाकू नये तेवढं वाकून पाहत होती.

"किती अशक्त झालेत हो," ती म्हणाली. आजाऱ्याबद्दल बोलावं तसं.

आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर उन्हाळ्यात शेण, फांद्या, पाला रचून जाळतात. तोच राब. जमिनीवर पाला अंथरलेला दिसला की तो जाळायचाच, यात कोणाला शंका येत नाही. चैत्रात आम्ही डॉक्टरांकडे गेलो होतो. संध्याकाळी कशेळ्याला एसटीतून उतरून चालत घरी आलो, तर तुकडा काळा पडलेला. कडेला दादा पाण्याची घागर घेऊन बसले होते. त्यांच्या भुवया राखेने पांढऱ्या झाल्या होत्या.

"तुला शाळेतनं येळ नाय, आन् हिला धूर सोसायचा नाय. म्हनलं, तुमी नसताना उरकून टाकू. सकाळधरनं राखण बसलोय. घराला ठिणगी लागू दिली नाय."

मी त्यांच्या हातातली घागर घेऊन ओटीवर ठेवली.

"चहा घेऊन जा, भावोजी," ती म्हणाली. ते गेल्यावर तिने मला बजावलं, "त्यांना यातलं कधी सांगू नका."

पुन्हा अंथरायला पेंढा नव्हता. उरलेला बैलांचा होता. आगीने वरचं बी जळलं, खालच्या गाठींना काही झालं नाही. आषाढात मिरचीच्या रोपांमधून लव्हाळा राखेवर पोसून गर्द हिरवा आला. तिने पाट घेतला, "बसूनच करते, ओणवी कुठे होतेय," म्हणाली. शाळेआधी मी उपटत असे. शाळा सुटून येईपर्यंत ती पुढच्या दोन सऱ्या बेणून ठेवी.

श्रावणात एका दुपारी आलो तेव्हा पाट सरीत होता, खुरपं मातीत उभं होतं, आणि ती ओटीवर भिंतीला टेकून होती. धाप थांबत नव्हती. गौरी यायच्या आत गेली. डॉक्टर म्हणाले, बेणणीने काही झालं नाही, व्हायचं ते होणारच होतं. त्यांचं खरं असेल. मला त्याचा उपयोग झाला नाही.

तिथे मी पुन्हा काही लावलं नाही. दादा मात्र दर चैत्रात न विचारता त्या तुकड्यावर राब रचत, पेटवत आणि घागर घेऊन बसत. मी त्यांना चहा नेऊन देई. पाऊस पडला की लव्हाळा येई.