सुरुंगाचं मेडल

वालूरला सुरुंग म्हटलं की एकच, विहिरीतला. खडक लागला की भोक पाडायचं, दारूचा तोटा भरायचा, वात पेटवून पळायचं. त्यामुळे माझ्या वडिलांना, तात्यांना, दुसऱ्या महायुद्धात सुरुंगाच्या कामावर शौर्यपदक मिळालं म्हटल्यावर गावानं आपलं ठरवून टाकलं, की या माणसानं इंग्रजाच्या विहिरी खोदल्या असणार. तात्यांनीही ते कधी खोडून काढलं नाही. निजामाच्या राज्यातलं शेतकऱ्याचं पोर पळून आरमारात गेलं आणि शत्रूनं पाण्याखाली पेरलेले सुरुंग जहाजामागं पोलादी दोर ओढून त्यांच्या नांगरापासून कापत हिंडलं, हे पारावर कुणाला समजावणार? शिवाय मान मिळत होता. मान कुणाला नको असतो?

तो मान एका उन्हाळ्यात अंगाशी आला. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद चालू होता, एसट्या जागेवर उभ्या होत्या आणि सुरुंग उडवणारा परवानेवाला परभणीत अडकला होता. आमच्या भावकीतल्या एकाची विहीर अर्धी खोदून झाली होती. त्याला दम निघेना. त्यानं मजुरांनाच तोटे लावायला सांगितले. बाकीचे उडाले, एक उडालाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो भाऊबंद आमच्या दारात, मागं निम्मं गाव.

"तात्या, चला. ह्याचंच तर मेडल हाय तुमाला. त्यो ऱ्हायलेला तोटा कसा काढायचा ते तुमी नुसतं वरून सांगा, उतरायला माणूस हाय."

मी सुटीला माहेरी आले होते. तात्यांनी धुतलेला सदरा घातला, त्यावर मेडल लावलं. आता हा म्हातारा इभ्रतीपायी कुणाचा तरी जीव घालवणार, असंच मला वाटलं. वाटभर मी त्यांच्याशी भांडत गेले. ते झपाझप पुढं चालत राहिले.

विहिरीच्या काठावर एक तरणा मजूर कमरेला दोर बांधून तयार होता. त्याची बायको जरा लांब, लेकरू कडेवर घेऊन उभी होती. तात्यांनी आधी त्याच्या कमरेची गाठ सोडली.

"कुठं उतरायलास?" म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "मला ह्यातलं कायबी कळत न्हाई. माझे सुरुंग समुद्रातले होते. हितला मी कवा हातातबी धरला न्हाई. परवानेवाला येईस्तोवर कुणी खाली जायचं न्हाई."

"मग मेडल काय जत्रंत घेतलं का?" कुणीतरी म्हणालं, आणि लोक खो खो हसले. विहिरीचा मालक तर चवताळलाच. तात्या काठापासून जरा लांब बाभळीखाली बसून राहिले. दुपारची भाकरी मी तिथंच नेऊन दिली. बंद मिटेपर्यंत ते रोज तिथं जाऊन बसत होते. मग परवानेवाला आला आणि त्यानं आपल्या रीतीनं तो सुरुंग उडवला.

गावानं मात्र मनात धरलं. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंड्याजवळ तात्यांची खुर्ची असायची, पुढच्या वर्षी बोलावणंच आलं नाही. तोंडावर कुणी काही बोलत नसे, पण पाठीमागं 'भित्र्याचं मेडल' हा शब्द गावभर झाला होता. माझं रक्त उकळत होतं. मी त्यांना म्हणाले, "एवढ्या वर्षांचा मान एका दिवसात घालवलात. वाईट नाही वाटत?"

"वाटतंय की. लय वाटतंय." ते म्हणाले. "आमच्या म्होरचं जहाज सुरुंगावर गेलं, तवा मी पाण्यात उडी मारली. हाताला लागले तेवढे काढले. बाकीचे तिथंच ऱ्हायले. त्याचं ते मेडल."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"ह्या बारीला कुणाला काढावंच लागलं न्हाई, पोरी. त्याचं मेडल कोण देतंय?"