वाळूच्या मशीनची उत्तरपूजा

आमच्या घराचा एकच शत्रू होता, गंज. आणि माझ्या नवऱ्याला शत्रूशिवाय चैन पडत नसे. आमच्या बेटावरच्या रोझ बेल गावात पाऊस कधी संपतो ते कळतच नाही. कुलपं अडकतात, पितळ काळवंडतं, ऊस तोडायच्या कोयत्यावर बघता बघता तांबडी साय धरते. या कोयत्याला आम्ही साब म्हणतो. सत्तरच्या दशकात मधेच एक मोठं वादळ आलं, घराघरांत पाणी शिरलं आणि सगळ्यांच्या साबी, सुऱ्या, विळे एकदमच गंजले.

नवरा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. एका बंद पडलेल्या गॅरेजातला हवेचा पंप त्यांनी उचलून आणला, त्याला वाळूची टाकी आणि जाड रबरी नळी जोडली, आणि परसात पत्र्याची एक खोली ठोकली. पंपाच्या जोराने नळीतून वाळू सुटायची आणि गंजलेलं पातं पाहता पाहता राखाडी, एकसारखं, नवंकोरं होऊन निघायचं. लोकांना तो चमत्कारच वाटला. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, तशी माझी गत. ओटीवर कायम दुसऱ्यांच्या साबींची चवड.

सुरुवातीला ते समुद्रकाठची वाळू आणत. इथली वाळू प्रवाळाची, मऊ. "गंजाला नुसत्या गुदगुल्या करते," असं म्हणून त्यांनी ती टाकून दिली आणि कारखान्यात ओतकामासाठी परदेशातून येणारी वाळू मिळवली. ती कडक होती, धारदार होती. वाया जाऊ नये म्हणून चाळून पुन्हा पुन्हा वापरायचे. दर खेपेला ती आणखी बारीक होई, शेवटी तिचं पीठच व्हायचं. ते पीठ खाली बसत नसे. दार उघडलं की थोडा वेळ हवेत तसंच तरंगत राहायचं.

वाळू घरभर होऊ नये म्हणून ते दार लावून काम करत. तोंडाला ओला रुमाल, एवढाच काय तो बंदोबस्त. बाहेर येत तेव्हा पापण्यासुद्धा पांढऱ्या झालेल्या असत. सासूबाई त्यांच्या तळहातावर लाल साखरेची चिमूट ठेवायच्या. "खा रे. गोडान धूळ खाली जाता," म्हणायच्या. त्यांच्या आजीच्या काळी म्हणे गूळ द्यायचे. साखरेच्या बेटावर राहून गुळाच्या जागी साखर आली, विश्वास तोच राहिला.

मला भीती वाटायची ती काचेची. आत उजेड यावा म्हणून त्यांनी खोलीच्या दाराला एक काच बसवली होती. एका तोडणीच्या हंगामात ती दुधाळ झाली. आतला माणूस दिसेना, नुसती सावली हलायची. त्यांनी काच बदलली, तीही तशीच झाली. जी वाळू काच खाते ती आणखी काय खाईल, असं मी तोंडावर विचारलं, एकदा नाही, अनेकदा.

"काच काय रुमाल बांधते गो?" ते हसायचे. "मी बांधतंय."

मुलखाचा हट्टी माणूस. मी चिडून आत निघून जायची. संध्याकाळी कारखान्यातून आले की चहा घेऊन थेट त्या खोलीत, आणि मग जेवणापर्यंत पंपाची धडधड. खोकला होता, पण खोकला कुणाला नव्हता? पावसाळी गावात अर्धी माणसं खोकतात.

असे काही हंगाम गेले. ऐंशी साल उलटलं आणि एका वर्षीची खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार आम्ही देवापुढे मांडतो. पंप काही उचलून आणता येत नव्हता, म्हणून त्याची नळी धुऊन, गुंडाळून पाटावर ठेवायची, तिला हळदकुंकू वाहायचं, वर झेंडूचं फूल. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होऊन अक्षता पडेपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही, हा नियम.

दुपारी मी पुरण वाटत होते. पंप बंद, त्यामुळे घर शांत. आणि परसातून कसला तरी आवाज आला. कुणीतरी भरलेलं पोतं फरशीवरून थांबत थांबत ओढतंय, असा. मी डोकावले. ते पायरीवर बसले होते, नळावरून आणलेली बादली शेजारी. काहीच करत नव्हते. तो त्यांच्या श्वासाचा आवाज होता.

सासूबाईंना कमी ऐकू यायचं. त्यासुद्धा दारात येऊन उभ्या राहिल्या. "आयो," म्हणाल्या, "ता काय वाजता गो?"

इतकी वर्षं तो पंप या आवाजावर पांघरूण घालत होता. मी वरवंटा खाली ठेवला.

दसऱ्याच्या सकाळी ते घाईत होते. तोडणी ऐन भरात, ओटीवर साबींचा ढीग. "उत्तरपूजा आटप गो, लोक वाट बघतायत."

"आज नाही," मी म्हटलं.

त्यांनी आईकडे पाहिलं. आमच्या घरात देव सासूबाईंच्या ताब्यात. त्या डाळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "देव अजून बसलेत रे. उठवू कशी?"

दुसऱ्या दिवशीही देव बसलेलेच. तिसऱ्या दिवशी फुलं सुकली, मी ताजी वाहिली. कारखान्यात वरच्या माणसाशी भांडायला न घाबरणारा माझा नवरा अर्धवट पूजेतल्या वस्तूला हात लावायला मात्र घाबरत होता. बोलायचं सोडलं, पाठ करून जेवायला लागले. एकदा त्यांनी नळीपर्यंत हात नेला, तसेच उभे राहिले आणि हात मागे घेतला. शेजारणी हसायच्या: दहा दिवसांचा गणपती ऐकला होता, बारमाही खंडेनवमी यांच्याकडेच. हसू देत, म्हटलं. तोडणी संपली तेव्हा त्यांनी विचारणं सोडून दिलं. पत्र्याच्या खोलीत मी लाकडं रचली. मी जिंकले, असं मला वाटलं.

पण आवाज थांबला नाही. अंगण पावसाने धुतलं जातं तशी छातीही हळूहळू धुतली जाईल, अशी मी माझी समजूत घालत होते. चढाची वाट त्यांनी सोडली, मग बाजार सोडला. दोन वर्षांनी मोका गावातल्या एका डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीपुढे धरला. रांगोळी सांडावी तसे पांढरे ठिपके सगळीकडे.

"लापुसिये-ला फिन रांत्रे दां पूमों," ते म्हणाले. म्हणजे, बेटावरच्या बोलीत, धूळ फुफ्फुसात शिरली आहे.

मी लगेच सांगितलं की काम बंद करून दोन वर्षं झाली. मीच बंद पाडलं, हेही सांगितलं, जरा तोऱ्यातच. डॉक्टरांनी फोटो टेबलावर ठेवला. आत गेलेली धूळ बाहेर येत नाही, म्हणाले, आणि बाहेरचं काम थांबलं तरी तिचं काम थांबत नाही. नवरा डॉक्टरांकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला, "हिनं थांबवलान म्हणून इतका तरी चाललो."

पुढच्या तोडणीच्या तोंडावर लांबच्या गावाहून एक शेतकरी गंजलेली साब घेऊन आला. त्याला काही माहीत नव्हतं. हे ओटीवर खुर्चीत होते. नेहमीसारखं उत्तर द्यायला मी बाहेर आले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांना स्वतः सांगायचं होतं.

"बंद," ते म्हणाले. मग खांदे वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. तो माणूस साब हातात धरून उभा. मीही उभी.

"केलंय," ते म्हणाले.

त्या दोन शब्दांच्या मधे मला जेवढी भीती वाटली, तेवढी त्यांच्या मरणाच्या दिवशीही वाटली नाही.